गौरीबरोबर जाणारं फोल्डर

आमच्या कंपनीचा सर्व्हर पहिल्यांदा गळ्यापर्यंत भरला तेव्हा मी सगळं ऑफिस डोक्यावर घेतलं होतं. जुनं काढा, नको ते काढा, असं टेबलाटेबलापाशी जाऊन सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकानेही काही काढलं नाही. मी तशी तापटच. घरचे म्हणतात, हिच्या डोक्यावर चहाचं आधण ठेवलं तर गॅस वाचेल. पण तुम्हीच सांगा, माणसाने तापायचं नाही तर काय करायचं?

कंपनी रोह्याजवळच्या धाटावची, केमिकलची. मी पेणची. सकाळी कंपनीच्या बसने जायचं, संध्याकाळी त्याच बसने परत यायचं. दारावर ‘कॉम्प्युटर विभाग’ अशी मोठी पाटी, आणि आत विभाग म्हणजे मी एकटी. एक सर्व्हर, एक एसी, वीज गेल्यावर सर्व्हरला चालू ठेवणारा एक म्हातारा यूपीएस, आणि मी.

सर्व्हर म्हणजे सगळ्या कंपनीचं सामाईक कपाट. हिशेब, पगार, लॅबचे रिपोर्ट, स्टोअरचा माल, सगळं त्याच्यात, ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये. रोज संध्याकाळी सहाला, आमची बस सुटून गेल्यावर, त्या सगळ्याची नक्कल आपोआप एका टेपवर उतरायची. टेप गाण्याच्या कॅसेटहून लहान. अशा दोन होत्या, एकीवर लाल चिकटपट्टी, दुसरीवर निळी. दोन्ही एका यंत्रात बसवलेल्या, आणि यंत्र आळीपाळीने घ्यायचं. आज लाल, उद्या निळी, परवा परत लाल. लालवर नवं उतरलं की तिच्यावरचं जुनं पुसलं जायचं. बॅकअप बॅकअप म्हणतात तो आमच्याकडे एवढाच होता.

आता कपाट ओसंडून वाहायला लागलं की टेप पुरत नाही. बॅकअप मध्येच थांबतो. आणि आमचा थांबायचा कुठे, तर बरोब्बर पगाराच्या फोल्डरच्या अलीकडे! मी आत शिरून बघितलं तर काय, हिशेबवाल्यांनी कोणाच्या तरी बारशाचे फोटो ठेवलेले. स्टोअरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ आणि ‘हेच फायनल’ अशी फोल्डरं, आणि सगळ्यांच्या पोटात तीच ती यादी. म्हणजे बारसं टेपवर सुखरूप आणि अख्ख्या कंपनीचा पगार वाऱ्यावर! मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले ती तणतणतच गेले.

साहेब म्हणाले, "मॅडम, नियम करा. नको असलेल्या फोल्डरला मुदत द्या. मुदत संपली की आपोआप पुसलं जाऊ दे, म्हणजे टेपवरही जाणार नाही."

नियम केला. इंग्रजीत छान परिपत्रक काढलं, रिटेन्शन काय, एक्स्पायरी काय, सगळं लिहिलं, नोटीस बोर्डावर लावलं. चार दिवसांनी स्टोअरचा माणूस बोर्डाखाली उभा राहून मला विचारतो, "मॅडम, म्हंजे ठेवायचं का फेकायचं?" मी कपाळावर हात मारला.

आणि मग बसमध्ये मला ते सुचलं. श्रावण होता. पेणला त्या दिवसांत कोणाच्याही घरी जायचं तर पाय जपून टाकावा लागतो, जिथे तिथे गणपती वाळत ठेवलेले. माझ्या धाकट्या दिराचा टेम्पो, तो हमरापूरहून मूर्ती भरभरून नेत होता, त्याला जेवायला फुरसत नव्हती. बसमध्ये बायकांचं तेच चाललेलं, कोणाचा दीड दिवसाचा, कोणाचा गौरीबरोबर जाणारा, कोणाचा थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि एकदम ओरडले, "अगं बाई, हेच की!" पुढच्या सीटवरच्या बाईने दचकून पर्स घट्ट धरली.

फोल्डरला मुदत द्यायची म्हणजे काय, तर हा पाहुणा किती दिवसांचा ते सांगायचं. आमच्या मुलखात हे शेंबड्या पोरालाही कळतं! मी त्याच दिवशी परिपत्रक फाडलं आणि नवं लावलं, मराठीत. नको झालेल्या फोल्डरच्या नावापुढे एक शब्द लिहायचा. ‘दीड’ लिहिलंत तर ते दीड दिवसाने जाणार. ‘गौर’ लिहिलंत तर गौरी-गणपतीसारखं पाच दिवसांनी. ‘अनंत’ लिहिलंत तर अकरा दिवस राहणार. आणि कधीच जाऊ द्यायचं नसेल तर ‘देव्हारा’ लिहायचं, कारण देव्हाऱ्यातल्या गणपतीला कोणी बुडवत नाही.

काय सांगू तुम्हाला, आगीसारखं पसरलं ते! कॅन्टीनमध्ये बायका एकमेकींना विचारायला लागल्या, "तुझं काय गो, दीडाचं का अनंताचं?" हिशेबवाल्याने बारशाच्या फोटोंना ‘दीड’ लावला आणि सगळ्यांना पेढा दिला, विसर्जनाचा म्हणून. स्टोअरचा तो माणूस तर इतका पेटला, की त्याने चालू महिन्याच्या मालालाही ‘दीड’ लावला, तो मी वेळेवर काढला म्हणून बरं. महिनाभरात टेपवर जागाच जागा झाली. पहिल्यांदा बॅकअप पगारासकट पूर्ण झाल्याचा हिरवा दिवा सकाळी बघितला तेव्हा मी त्या थंड खोलीत एकटीच फुगडीचा एक फेरा मारला. खोटं नाही सांगत.

आता लॅबवालीकडे येते. ती माझी कंपनीतली जिवाभावाची मैत्रीण. रोह्याजवळच्या गावातली, शेतकऱ्याच्या घरची सून. केमिस्ट्री शिकलेली, हुशार, बोलायला फटकळ, आणि कामाला अशी की यंत्रं दमतील पण ती दमणार नाही. एवढं असून कंत्राटावर. वर्ष भरत आलं की तिला ब्रेक द्यायचे, म्हणजे महिनाभर घरी बसवायचे आणि परत नव्याने घ्यायचे. कितीतरी वर्षं हेच. तिच्या मागून आलेली मुलं पर्मनंट होऊन गेली. तिची सासू दर ब्रेकला विचारायची, "आता कायमचीच घरी का गो?" ते तिला फार लागायचं. मला सांगताना हसायची, पण लागायचं.

त्या वर्षी मात्र संधी आली होती. आमच्या एका पावडरीला मोठं गिऱ्हाईक मिळत होतं, पण पावडर मधूनच पिवळी पडायची आणि त्यांना पांढरीशुभ्र हवी होती. साहेबांनी ते काम लॅबवालीला दिलं आणि स्पष्ट शब्द दिला: गिऱ्हाईक कंपनीने माल मंजूर केला तर तुम्ही पर्मनंट. पावसाळाभर ती त्याच्या मागे होती. तापमान बदल, वेळ बदल, धुण्याचं पाणी बदल. पावडर पिवळी, परत पिवळी, मळकट, परत पिवळी. आणि नारळीपौर्णिमेच्या सुमाराला एक दिवस ती माझ्या खोलीत धावत आली ती बशीत पावडर घेऊनच. पांढरी! इतकी पांढरी की आम्ही दोघी बशीकडे बघत बसलो.

साहेब खूश झाले. म्हणाले, "छान. आता त्या फसलेल्या ट्रायल सर्व्हरवरून काढा. तो कचरा कशाला सांभाळायचा?" प्रत्येक ट्रायलीचे आलेख यंत्रातून थेट सर्व्हरवर जायचे, त्यामुळे फसलेल्या ट्रायलींचं फोल्डर चांगलंच जाडजूड झालेलं. लॅबवालीचा जीव त्यात अडकलेला. ती म्हणाली, "एवढ्या पिवळ्या पावडरी काढल्यात मी. एकदा सीडीवर उतरवून घेते, मग जाऊ दे." पण गणपती उद्यावर आलेले, घरी फराळाचं पडलेलं, सीडी स्टोअरमध्ये संपलेल्या. मग तिने त्या फोल्डरपुढे ‘गौर’ लिहिलं आणि ती घरी गेली. गौर जायच्या दिवशी सकाळी तिची ड्युटी होती. तेव्हा येऊन उतरवायचं, दुपारी घरी जाऊन गौर पोचवायची, संध्याकाळी फोल्डर आपोआप जाईल, असा तिचा हिशेब.

तो हिशेब शंभर टक्के बरोबर होता. माझाही बरोबर होता. आमचं यावर आजही भांडण होतं!

त्याचं असं आहे, की माझ्या माहेरीही दीड दिवसाचा गणपती आणि सासरीही दीड दिवसाचा. गौर आमच्याकडे कधी बसलीच नाही. मी बापडी आयुष्यभर ऐकत आले की गौरी-गणपती म्हणजे पाच दिवसांचा. म्हणून मी यंत्राला पाच सांगितलं. पण ज्यांच्या घरी गौर येते त्यांना माहीत असतं, की गौर पंचांग बघून येते आणि पंचांग बघून जाते. एखाद्या वर्षी पाचव्या दिवशी, एखाद्या वर्षी सहाव्या. त्या वर्षी सातव्या दिवशी जाणार होती. वर्षभर कोणाला फरक पडला नसता. नेमकं गणपतीतच, नेमकं तेच फोल्डर!

सहाव्या दिवशी दुपारी मी घरी लोळत पडले होते. आमचा गणपती कधीच गेलेला, सुट्टी उरलेली. फोन वाजला. लॅबवाली.

"गो बाय, फोल्डर नाय!"

"कुठलं फोल्डर? आणि आज तुझ्याकडे गौर जेवतेय ना, तू फोन काय करतेस?"

"साहेबांचा ठाण्याहून फोन आला. गिऱ्हाईक कंपनीचा तज्ज्ञ पुढच्या आठवड्यात नाय, उद्या येतोय. आणि त्याला पिवळ्या ट्रायली बघायच्यात. कुठल्या तापमानाला माल बिघडतो ते आलेखावर बघितल्याबिगर मंजुरी देणार नाय म्हणतो. मी लॅबमधल्या शिफ्टवाल्याला बघायला सांगितलं, तर फोल्डर नाय! गौर अजून माझ्या घरात बसलीय गो, मग फोल्डर कसं गेलं?"

मी म्हटलं, "कारण काल पाचवा दिवस झाला."

मग ती म्हणाली, "अगं, गौर उद्या जातेय!" आणि मला सगळा घोळ कळला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पण डोकं चाललं. काल संध्याकाळी फोल्डर गेलं, म्हणजे कालच्या निळ्या टेपवर ते नाही. पण परवाच्या लाल टेपवर आहे! अजून आहे! आणि आज पाळी कोणाची? लालचीच. संध्याकाळी सहाला लाल टेपवर नवं उतरणार, की संपलं. सहाच्या आत ती टेप यंत्रातून बाहेर काढायची, बस्स. पण खोलीच्या कुलपाची एक किल्ली माझ्याकडे पेणला आणि दुसरी साहेबांकडे ठाण्याला. साहेबांना सांगायची सोय नव्हती. काढा म्हणून त्यांनीच सांगितलं होतं, पण ते त्यांना थोडंच आठवणार? फोल्डर गेलंय हे त्यांना कळलं असतं, तर मंजुरी राहिली बाजूला, ‘निष्काळजी’ म्हणून तिचं कंत्राटही गेलं असतं.

"तू गौरीजवळ बस," मी ओरडले. "जागची हलू नकोस. मी निघाले."

दीर अंगणात टेम्पो धूत होता. मी किल्ली घेऊन चपला घालत घालतच त्याच्या शेजारी चढले. त्याला रस्त्यात सगळं सांगितलं. तो हसायला लागला, "वहिनी, सगळा पेण तालुका गणपती बुडवायला धावतो, आणि तुम्ही बुडालेला वर काढायला निघालात!" मी म्हटलं, "दात काढू नका, गिअर टाका."

वडखळच्या नाक्यावर अडकलो. पाच दिवसांचे गणपती पोचवून मुंबईवाले परत निघालेले. त्यांनी त्यांची बाजू भरली ती भरली, आमचीही भरली. पुढे एसटी, तिच्या पुढे कंटेनर, बाजूला कोणाच्या गाडीतून आरतीची कॅसेट चालू. मी खाली उतरले आणि कंटेनरपुढे उभी राहून हातवारे करत गाड्या मागे घ्यायला लावल्या. एक जण काच खाली करून म्हणाला, "मॅडम, तुम्ही ट्रॅफिक पोलीस का?" मी म्हटलं, "नाही, कॉम्प्युटर विभाग!" तो इतका गोंधळला की त्याने खरंच गाडी मागे घेतली. दीर टेम्पोत बसून टाळ्या पिटत होता.

नागोठणं मागे टाकलं तेव्हाच मला कळून चुकलं, की सहाच्या आत पोचत नाही. मोबाईल नवा घेतलेला होता, पण भिसे खिंडीत रेंज कुठली? मी तो खिडकीबाहेर धरला, टपावर धरला, शेवटी दोन शिव्या घातल्या. लॅबवालीची ती पांढऱ्या पावडरीची बशी डोळ्यांसमोरून हलेना. एवढी वर्षं घासली बिचारीने, आणि माझ्या पाचाच्या आकड्यापायी सगळं पाण्यात जाणार! मला रडूच आलं. दिराने टेम्पो जोरात हाणला.

धाटावला पोचलो तेव्हा सहा कधीच वाजून गेले होते, दिवेलागण झाली होती. गेटमधून धावत ऑफिसच्या बिल्डिंगकडे गेले, आणि बघते तो काय, बिल्डिंग अंधारात! प्लँट झगमगतोय, चिमणीवरचा दिवा लागलाय, आणि ऑफिसात एक बल्ब नाही. व्हरांड्यात मेन स्विचच्या खोक्यापाशी वॉचमन घाम पुसत उभा. आणि खोक्याला पाठ लावून, हात पसरून, जरीची साडी, डोक्यात अबोलीचा गजरा, कपाळावर हळदीकुंकू, अशी आमची लॅबवाली!

"तू? गौरीला सोडून?"

"गौर काय पळून जातेय? सासूला बसवलंय तिच्यापाशी. तुझा फोन लागंना. मी म्हटलं, ही वडखळला अडकली, नक्की. मग मी मेन पाडला."

वॉचमन रडकुंडीला आलेला. "मॅडम, मी विचारलं हिला, आग लागल्याबिगर मेन पाडायचा नाय, आग कुठं हाय? तर म्हणते, माझ्या डोक्यात हाय, हो बाजूला!"

माझा जीव आधी उडाला तो सर्व्हरपायी. "अगं, सर्व्हर असा बंद करतात का? मेला म्हणजे?" असं मी तिच्यावरच खेकसले. आणि मग खेकसता खेकसता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यूपीएस! त्याच्या बॅटऱ्या मरायला टेकलेल्या, नव्या द्या म्हणून मी दर महिन्याला स्टोअरशी भांडायचे, आणि देवाच्या कृपेने त्यांनी त्या दिल्या नव्हत्या. तो जेमतेम दहा मिनिटं तग धरायचा. "मेन कधी पाडलास?" मी विचारलं. "सहाच्या बऱ्याच आधी. आतला तो बीप-बीप करत होता, मग गप झाला." गप झाला! म्हणजे सहा वाजता सर्व्हर बंद होता. बॅकअप सुरूच झाला नव्हता. लाल टेपला कोणी हात लावला नव्हता. मी तिला मिठी मारली, गजऱ्यासकट.

तरी काम सोपं नव्हतं. आमचा बॅकअप मोठा शहाणा, हुकलेलं काम सर्व्हर चालू होताच पहिलं करायला घ्यायचा. म्हणून मेन वर करायच्या आधी मी टॉर्च तोंडात धरून खोलीत गेले आणि सर्व्हरची वायर उपटून ठेवली. मग मेन वर केला, फक्त टेपच्या यंत्राला वीज दिली, बटण दाबलं. यंत्र कुरकुरलं, थांबलं, परत कुरकुरलं. आणि लाल टेप अर्धी बाहेर आली! तिच्या कडेला एक चिमुकली पट्टी असते, ती सरकवली की टेपवर काही लिहिता येत नाही, नुसतं वाचता येतं. ती मी नखाने सरकवली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मग सर्व्हर चालू केला. तो मेला नव्हता. टेप परत आत घातली आणि फोल्डर मागितलं. बराच वेळ नुसतं घरघर. आणि मग पडद्यावर एकेक नाव यायला लागलं: पिवळी एक, पिवळी दोन, मळकट, पिवळी परत. तिने रागाच्या भरात एका फाइलला ‘मेली पिवळी’ असं नाव दिलेलं, तेही आलं. आम्ही दोघी प्रत्येक नावाला ओरडत होतो. दीर दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, लॉटरी लागली का काय?" लॅबवालीचा नवरा तोवर डबा घेऊन आला, गौरीच्या नैवेद्याचा. त्यांच्याकडे गौरीला तिखटाचाच नैवेद्य लागतो, चिंबोरीचा म्हणजे खेकड्याचा रस्सा आणि तांदळाची भाकरी. आम्ही सगळ्यांनी, वॉचमनसकट, व्हरांड्यात बसून खाल्लं. इतकी चवदार चिंबोरी मी परत कधी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ आला. गंभीर माणूस, जाड चष्मा. लॅबवालीने त्याला आधी पांढरी पावडर दाखवली, त्याने बाजूला ठेवली. मग तिने पिवळीपासून सुरुवात केली. तापमान इथे चढलं, रंग इथे गेला, हे बघा, परत इथे. तो पुढे वाकला, मग त्याने खुर्चीच ओढून घेतली. मी काचेतून बघत होते. जाताना तो साहेबांना म्हणाला, की चांगला माल सगळेच दाखवतात, बिघडलेला इतका नीट दाखवणारी कंपनी मी पहिल्यांदा बघतोय. साहेबांची छाती अशी फुगली, की जणू पिवळी पावडर त्यांनीच काढली.

मग वॉचमनचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर गेला. सणाच्या दिवशी, आग नसताना, ऑफिसचा मेन पाडला. आम्हा दोघींना बोलावणं आलं. मी आत शिरतानाच तोंड उघडलं, "साहेब, चूक माझी आहे, मी पाच दिवस लावले, आणि गौर सात दिवसांची..." साहेब माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना एक अक्षर कळलं नाही. लॅबवालीने मला कोपर मारलं आणि सरळ सांगितलं, "मेन मी पाडला. फोल्डर गेलं होतं. परत आणलं. परत तशी वेळ आली तर परत पाडीन."

साहेब पेन फिरवत बसले. मग ते मला म्हणाले, "मॅडम, आता ते फोल्डर किती दिवसांचं आहे?"

"देव्हाऱ्यात ठेवलंय साहेब," मी म्हटलं.

"ठीक आहे. जा." एवढंच. ना हो, ना नाही. आम्ही बाहेर आलो आणि पुढचे कितीतरी दिवस त्या ‘ठीक आहे’चा अर्थ लावत राहिलो. मंजुरी आली, पहिली ऑर्डर गेली, तरी तिच्याबद्दल कोणी शब्द काढेना. दसरा गेला. तिचा ब्रेक जवळ आला. ती लॅबमधली स्वतःची कपबशी घरी घेऊन गेली, दर वर्षी न्यायची तशी. मी ‘गौर’ या शब्दावर आता यंत्राने आधी मला विचारावं अशी सोय करून ठेवली होती, पण माझं कशातच लक्ष नव्हतं. साहेबांच्या केबिनवरून जाताना मी मुद्दाम पाय आपटत जायचे.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी ती माझ्या खोलीत आली. दार लावलं. हातात पाकीट होतं, उघडलेलं.

"मिळालं?" मी ओरडलेच. "पर्मनंट? खरंच?"

मी हातातलं सगळं टाकून उठले, नाचायच्या बेतात होते. पण तिने पाकिटातला कागद काढून उलटा केला, परत सुलटा केला, खालच्या सहीपर्यंत बोट नेलं, मागची कोरी बाजूही बघितली. तिचा चेहरा घाबरल्यासारखा झाला होता.

"गो, ह्याच्यावर तारीख नाय."

"आहे की, वर, आजची."

"ती नाय. शेवटची. कधीपर्यंत ती. माझ्या प्रत्येक कागदावर असते. खाली, सहीच्या वर. ह्याच्यावर टाकायची राहिली वाटतं. साहेबांकडे परत नेऊ का?"

मी सहीच्या वरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"नसते," मी म्हटलं. "ह्या कागदावर ती नसते."

"नीट बघ गो. तू एकदा वाच."

मी तिला खुर्चीत बसवलं, तिच्या हातातून कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत मोठ्याने वाचला. मग तिने परत वाचायला लावला.